एकाच घरातली दुखणी

अंगावर पित्त उठणं हा आपल्याकडे आजार म्हणून धरलाच जात नाही. ज्याच्या अंगावर उठतं तो खाजवत बसतो, घरातलं कुणीतरी आमसुलं भिजत घालतं, ते लालसर पाणी अंगाला चोळलं जातं, ‘काल काय खाल्लं होतंस?’ अशी उलटतपासणी होते आणि दोन-चार तासांत गांधी मावळल्या की विषय संपतो. बहुतेकांचा खरोखरच संपतो. पण काहीजणांच्या अंगावर त्या रोज उठतात आणि महिनोन्‌महिने उठत राहतात. परकराच्या नाडीखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली, भाजीच्या पिशवीचा बंद जिथे रुतला त्या बोटांवर. मधूनच एखाद्या पहाटे ओठ किंवा पापणी टम्म सुजते. एक गांध चोवीस तासांच्या आत मावळते आणि मागे डागही ठेवत नाही, तोवर दुसरीकडे नवी आलेली असते. डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत दाखवायला अंगावर काहीच उरत नाही.

हे सहा आठवड्यांहून जास्त चाललं की त्याला जुनाट पित्त, क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात. मला ते पस्तिशीत सुरू झालं. शिंका शाळेपासूनच्या. पावसाळा सरता सरता गवत फुलोऱ्याला आलं की सकाळी डोळा उघडल्याबरोबर सुरू व्हायच्या. त्यामुळे हे पित्तही त्याच जातीचं, बाहेरचं काहीतरी हिला चालत नाही, असं सगळ्यांनी धरलं. घरातून एकेक पदार्थ हद्दपार झाला. आधी अंडी, मग शेंगदाणे, मग वांगं, मग आंबवलेलं सगळं. मावशी फोनवर नवेनवे संशयित सुचवायची. ‘अगं, तूरडाळ सोडून मूगडाळ खाऊन बघ. आपल्या घरात सगळ्यांचीच पित्ताची प्रकृती.’ गांधी उठतच राहिल्या.

मग एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी निराळीच तपासणी केली. दंडातून रक्त काढलं, ते गोठू दिलं, यंत्रात फिरवलं आणि वर राहिलेला पिवळसर सिरम सुईत घेऊन त्यातला थेंबभर माझ्याच हाताच्या कातडीत टोचला. शेजारी तुलनेसाठी एक टोचणी नुसत्या सलाईनची आणि एक हिस्टामिनची, म्हणजे गांध उठवणाऱ्या रसायनाची. अर्ध्या तासाने पाहिलं तर सलाईनची जागा सपाट होती, आणि माझ्या स्वतःच्या सिरमने जिथे शिरकाव केला होता तिथे लाल कडेची फुगीर गांध उभी होती. त्यात बाहेरचं काहीच नव्हतं. ना शेंगदाणा, ना वांगं.

‘खाणं सगळं परत सुरू करा,’ डॉक्टर म्हणाल्या. ‘आणि मला सांगा, थायरॉईड कधी तपासला होता तुम्ही?’

पित्तासाठी आलेल्या बाईला थायरॉईडबद्दल का विचारावं? त्या एका प्रश्नाचा माग काढत मी जे वाचत गेले, त्याने माझ्या घरातल्या आजारांकडे बघण्याची माझी सगळी पद्धत बदलली.

आधी साधी ॲलर्जी. कातडीखाली, श्वासनलिकांच्या अस्तरात, आतड्यांत मास्ट पेशी असतात आणि त्यांच्या आत हिस्टामिन बारीक कणांच्या रूपात साठवलेलं असतं. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात आयजीई नावाची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज तयार होतात आणि या पेशींवरच्या ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या खाचांवर, जाऊन बसतात. पुढे तो परागकण, ती कोळंबी, धुळीतला तो माइट आला आणि त्या आयजीईला चिकटला की पेशी आतलं हिस्टामिन ओकते. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, खाज सुटते, नाक गळतं, गांध उठते. हे सगळं घडवणारं ‘काहीतरी’ रक्तात असतं हे १९२१ साली तेव्हाच्या जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात कळलं. कार्ल प्राउस्निट्झ आणि हाइन्झ क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच प्रयोग केला. क्युस्टनरना शिजवलेला मासा चालत नसे. त्यांचा सिरम प्राउस्निट्झनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. मासा बिनघोर खाणाऱ्या प्राउस्निट्झच्या कातडीवर गांध उठली. एकाची ॲलर्जी दुसऱ्याच्या अंगात उतरली होती. ते ‘काहीतरी’ म्हणजे आयजीई, हे उलगडायला १९६६ साल उजाडलं. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, आणि त्याच सुमारास स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे ते शोधलं.

आता माझ्या हातावरची गांध. १९९३ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की जुनाट पित्ताच्या काही रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, जी मास्ट पेशीवरच्या त्या रिसेप्टरलाच जाऊन भिडतात. परागकण नको, मासा नको. शरीराने स्वतःच्याच पेशीविरुद्ध केलेलं प्रतिपिंड थेट हिस्टामिनचं दार उघडतं. पुढे आणखी एक गट सापडला. यांच्यात प्रतिपिंड आयजीईच, ॲलर्जीवालंच, पण ते परागकणाविरुद्ध नसून थायरॉईडमधल्या टीपीओ नावाच्या एन्झाइमसारख्या शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांविरुद्ध असतं. हत्यार ॲलर्जीचं आणि निशाणा ऑटोइम्यून आजाराचा, म्हणजे शरीर स्वतःवरच उठतं त्या आजाराचा. म्हणून जुनाट पित्ताच्या रुग्णांत थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, आणि म्हणून त्या बाईंनी तो प्रश्न विचारला. माझा टीएसएच वाढलेला निघाला, म्हणजे थायरॉईड मंदावला होता, टीपीओविरुद्धची प्रतिपिंडंही भरपूर. पहाटे उपाशीपोटी घ्यायची ती छोटी पांढरी गोळी तेव्हापासून माझ्या उशाशी आहे. केस गळणं, थकवा, थंडी वाजणं या ज्या तक्रारी मी ‘वय’ म्हणून सोडून दिल्या होत्या, त्यांचा धागा माझ्या पित्ताला बांधलेला होता.

ॲलर्जी आणि ऑटोइम्यून हे दोन आजार दोन वेगळ्या खोल्यांत कसे गेले, याचा इतिहास मला विलक्षण वाटतो, कारण ते जवळजवळ एकाच वेळी जन्मले. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचलं, तेव्हा त्यांच्या शरीरात त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं झाली, पण स्वतःच्या रक्ताविरुद्ध झाली नाहीत. शरीर स्वतःवर विष ओकायला धजत नाही, असं त्यांनी मांडलं. एवढ्या मोठ्या माणसाचं म्हणणं, त्यामुळे ते पुढे अर्धं शतक टिकलं. खरं तर १९०४ सालीच व्हिएन्नामध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांना असे रुग्ण मिळाले होते, ज्यांची लघवी थंडी लागली की लाल व्हायची, कारण त्यांची स्वतःची प्रतिपिंडं त्यांच्याच तांबड्या पेशी फोडत होती. १९१२ साली हाशिमोतो हाकारू या तरुण जपानी शल्यविशारदाने चार बायकांच्या सुजलेल्या थायरॉईडमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी पाहून तिचं बारकाईने वर्णन केलं. अर्थ मात्र १९५६ साली लागला. त्या एकाच वर्षी अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांमध्ये, आणि लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांमध्ये थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. तोवर ॲलर्जीचे स्वतःचे दवाखाने, स्वतःच्या चाचण्या, स्वतःचे तज्ज्ञ झाले होते. १९६३ साली गेल आणि कूम्ब्स यांनी शरीराच्या अतिप्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले तेव्हा शिंका आणि ल्युपस (शरीर स्वतःच्याच कातडीवर, सांध्यांवर, मूत्रपिंडावर उठतं तो आजार) हे दोन्ही त्यांनी एकाच तक्त्यात बसवले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना तो तक्ता आजही पाठ असतो. पण पुढे प्रॅक्टिसमध्ये शिंका कान-नाक-घशाकडे जातात, इसब त्वचेकडे, दमा छातीकडे, थायरॉईड एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे आणि सांधे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे. माणूस एकच असतो, पण त्याच्या फायली पाच होतात.

मधल्या काळात एका सुंदर सिद्धान्ताने या दुराव्याला जणू शास्त्राची मोहरच लावली. १९८६ साली मॉसमन आणि कॉफमन यांना उंदरांच्या मदतनीस टी पेशींमध्ये (टी पेशी हा पांढऱ्या पेशींचाच एक वर्ग) दोन प्रकार सापडले. एक जंतूंनी पछाडलेल्या पेशी मारण्याच्या कामातला, दुसरा प्रतिपिंडं, विशेषतः आयजीई, तयार करायला लावणारा. दोघं एकमेकांना दाबतात. लगेच तराजूचं चित्र रूढ झालं: एका पारड्यात ऑटोइम्यून आजार, दुसऱ्यात ॲलर्जी. एक खाली गेलं की दुसरं वर. ज्याला दमा आहे त्याला आमवातापासून थोडं अभय, असं काही अभ्यासांतून सुचवलंही गेलं.

तराजू खरा असता तर ज्या समाजात ॲलर्जी वाढली तिथे ऑटोइम्यून आजार कमी व्हायला हवे होते. झालं उलटच. श्रीमंत देशांत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बरोबरीने चढत गेले. फिनलंड आणि रशिया यांच्या सीमेवर कारेलिया हा प्रदेश आहे. दोन्ही बाजूंच्या लोकांचं मूळ जवळचं, हवा तीच, जंगल तेच. राहणीमान मात्र फार वेगळं. फिनलंडच्या बाजूला मुलांमध्ये टाइप-१ मधुमेह रशियन बाजूच्या जवळजवळ सहापट, आणि परागकणांची ॲलर्जीही तिकडेच कितीतरी जास्त. दोन्ही पारडी एकाच बाजूला खाली. १९८९ साली ब्रिटनमध्ये डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासून सांगितलं होतं की मोठी भावंडं जितकी जास्त, तितका धाकट्याला परागज्वर कमी. लहानपणी जंतूंची सवय झालेली असली तर शरीर पुढे कमी बिथरतं, असा तर्क त्यातून निघाला. हाच तर्क पुढे ऑटोइम्यून आजारांनाही लावला गेला. पोटातले जंत आयजीईच्या बाजूचं पारडं जड करतात, तरी जंत असलेल्या लोकांत ॲलर्जी पुष्कळदा कमी दिसते. म्हणजे पारड्यांच्या वर आणखी कुणीतरी आहे, जे दोन्हींना आवरतं.

ते ‘कुणीतरी’ शोधल्याबद्दल २०२५ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९५ साली शिमोन साकागुची यांनी टी पेशींमधला एक असा वर्ग दाखवला ज्याचं काम हल्ला करणं नसून हल्ला थांबवणं आहे. नियामक टी पेशी. त्या काढून टाकल्या की उंदराचं शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठतं. दुसरीकडे अमेरिकेत मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल एका विचित्र उंदरांच्या जातीमागे लागले होते. त्या जातीचे नर खपल्या धरलेली कातडी घेऊन वाढत आणि काही आठवड्यांतच मरत. २००१ साली त्यांना त्यातला बिघडलेला जनुक सापडला, फॉक्सपी-३. या नियामक पेशी घडतात त्याच जनुकाच्या जोरावर. आणि तोच जनुक बिघडलेली माणसाची बाळंही सापडली.

त्या बाळांच्या आजाराचं नाव आयपेक्स. तो फार दुर्मीळ आहे आणि मुलग्यांना होतो, कारण तो जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. त्याचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. जन्मल्यावर काही आठवड्यांतच न थांबणारे जुलाब, टाइप-१ मधुमेह, थायरॉईडचा दाह. हे झाले ऑटोइम्यून आजार. आणि त्याच बाळाच्या अंगभर इसब, अन्नाची ॲलर्जी, रक्तात आयजीई आकाशाला भिडलेलं. तराजूची दोन्ही पारडी एका तान्ह्या जिवात एकाच वेळी. एक जनुक गेला आणि दोन्ही बाजूंचा आवर गेला. शरीराला दोन गोष्टी शिकाव्या लागतात: आपल्या अवयवांना त्रास द्यायचा नाही, आणि दूध, गहू, परागकण, धूळ यांसारख्या निरुपद्रवी पाहुण्यांना चालवून घ्यायचं. दोन्ही शिकवणारा मास्तर बऱ्याच अंशी एकच. मला जे सांगायचं आहे ते सगळं या बाळांमध्ये आहे. हे दुबळ्या प्रतिकारशक्तीचे आजार नाहीत. हे सहनशीलता सुटल्याचे आजार आहेत.

आमच्या घरात हे मला फार आधी दिसायला हवं होतं असं नाही, कारण दिसण्याजोगं ते ठेवलेलंच नव्हतं. साताऱ्याकडचे काका शेती करायचे. त्यांचा चेहरा, मान, कोपरांच्या खोबणी वर्षानुवर्षं काळवंडलेल्या आणि जाड झालेल्या, पापण्या सतत सुजलेल्या. कारण गाजर गवत, ज्याला आपल्याकडे काँग्रेस गवतही म्हणतात. भारतात या गवताची पहिली ठळक नोंद पुण्यातलीच, १९५०च्या दशकाच्या मध्यावरची, आणि त्याने होणाऱ्या त्वचेच्या दाहाचे वैद्यकीय अहवालही पुण्यातूनच जगासमोर गेले. त्याच्या पानाफुलांतलं पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या चुऱ्यातून हवेत उडतं आणि कातडीला लागतं. यात आयजीईचा मोठा वाटा नाही. टी पेशी दोन-तीन दिवस घेऊन कातडी पेटवतात. म्हणून टोचून केलेली ॲलर्जीची नेहमीची चाचणी कोरी येऊ शकते आणि पाठीवर पट्ट्या चिकटवून केलेली पॅच टेस्ट बोलते.

एका दिवाळीत गावाकडच्या घरी सगळे जमलो होतो. देवळीत काकांच्या औषधांची पिशवी आणि शेजारी आत्याची. आत्याला ल्युपस. गालांवर लाली, सांधे धरलेले, मूत्रपिंडावर डॉक्टरांचा डोळा. काकू दोघांच्या गोळ्या काढून देत होत्या आणि थबकल्या. ‘अगं, ही तर यांचीच गोळी. तुझ्या पिशवीत कशी आली?’ कुणाची कुणाच्या पिशवीत गेली नव्हती. दोघांनाही अझाथायोप्रिन चालू होतं. काकांना गवताच्या ॲलर्जीसाठी, आत्याला ल्युपससाठी, दोन शहरांतल्या दोन डॉक्टरांनी दिलेलं. हे औषध मुळात मूत्रपिंड बदलल्यावर शरीराने ते नाकारू नये म्हणून वापरात आलं, मग ऑटोइम्यून आजारांत गेलं, आणि आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते गाजर गवताच्या हट्टी रुग्णांसाठी चांगलंच उपयोगात आणलं. दोघांनाही पांढऱ्या पेशी मोजायला ठरावीक काळाने रक्त द्यावं लागे. त्या दिवाळीपासून दोघं बहीण-भाऊ एकमेकांना फोन करून ‘काउंट किती आला?’ विचारू लागले. इतकी वर्षं एकाचं दुखणं खाजेचं आणि दुसरीचं ‘मोठं’ असं घराने वाटून दिलं होतं.

या दोन आजारांच्या मधोमध उभा असलेला एक आजारही आमच्यात आहे. चुलतभावाच्या मुलाला सीलिॲक निघाला. गव्हाची ॲलर्जी वेगळी. तीत गव्हातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई असतं आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजतो, गांधी येतात, कधी जिवावरही बेततं. सीलिॲकमध्ये तसं काही घडत नाही. मूल हळूहळू वाळत जातं, पोट फुगतं, रक्त कमी होतं, उंची खुंटते, कारण गव्हातल्या ग्लुटेनच्या निमित्ताने शरीर ट्रान्सग्लुटामिनेज या स्वतःच्याच एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडं करतं आणि लहान आतड्याचं अस्तर झिजवतं. ठिणगी बाहेरची, जळतं आपलं घर. गहू पूर्ण बंद केला की ती प्रतिपिंडं ओसरतात. बाहेरचं आणि आतलं यांच्यातली आखीव रेघ इथे पुसलीच जाते.

पूर्ण बंद म्हणजे काय हे वहिनीकडून ऐकावं. ज्वारीची भाकरी चालते, पण गिरणीत त्याआधी गहू दळला असेल तर त्या जात्यातलं पहिलं पीठ चालत नाही, म्हणून तिने घरघंटी घेतली. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. फोडणीतल्या हिंगाच्या पुडीतही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे तिला मुलाचे अहवाल सुधारेनात तेव्हा कळलं. सातू चालत नाही. लग्नाच्या पंगतीत ‘एवढ्याशा पुरीने काय होतंय?’ म्हणणाऱ्यांना ती आता शांतपणे उत्तर देते. मला तिचं फार कौतुक वाटतं.

हे सगळं वाचून शिंका येणाऱ्या कुणी धास्ती घेऊ नये, म्हणून इथे थांबून सांगते. ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य लोकांना कधीच ऑटोइम्यून आजार होत नाही. संबंध आहे तो मोठ्या संख्येच्या लोकांत मोजल्यावर दिसणारा: इसब असलेल्यांत चाई, कोड, सीलिॲक यांचं प्रमाण जरा जास्त, जुनाट पित्तात थायरॉईड जास्त. प्रत्येक जोडीचं गणित सारखंही नाही. टाइप-१ मधुमेह आणि इसब यांच्याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. आणि तराजूचं चित्रही पुरतं टाकून देता येत नाही. इसबावरचं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन ॲलर्जीची बाजू दाबतं, तेव्हा काही थोड्या रुग्णांत सोरायसिससारखे चट्टे उठतात. संधिवातावरची काही इंजेक्शनं दुसरी बाजू दाबतात, तेव्हा काहींना इसब होतं.

जी गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते ती ‘इम्युनिटी वाढवा’ या हाकाटीची. कोविडच्या काळात घराघरांत काढे उकळले, गुळवेलीच्या कांड्या आणि गोळ्या रोज पोटात गेल्या. घाबरलेल्या माणसांनी जे हाताला लागलं ते केलं, त्यांना दोष नाही. पण २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आणि त्या सुजेची लक्षणं ऑटोइम्यून आजाराची होती. पुढे देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. आयुष मंत्रालयाने त्या पहिल्या निष्कर्षाला हरकत घेतली होती, वनस्पतीची ओळख पटवल्याशिवाय असं म्हणता येणार नाही असं त्यांचं म्हणणं. वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांनी मिटवावा. पण ज्याच्या घरात थायरॉईड, ल्युपस, आमवात, कोड आहे त्याला प्रतिकारशक्ती चेतवण्याच्या नावाखाली काहीही देणं मला आता पाहवत नाही. त्याची शक्ती कमी नाही पडलेली. तिला आवर घालणारं कमी पडलंय. आत्याला कुणीतरी प्रेमाने आणून दिलेली ‘बूस्टर’ची बाटली मी तिच्यासमोरच परत पाठवली, तेव्हा ती देणारी व्यक्ती दुखावली. तरी पाठवली.

औषधांकडे पाहिलं तर हे नातं केव्हाच उघड झालं होतं. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईला कॉर्टिझोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली. त्याच कुळातली स्टेरॉइडं आज दम्याच्या पंपात आहेत, इसबाच्या मलमात आहेत आणि ल्युपसच्या गोळीतही. ओमालिझुमॅब हे आयजीईला पकडणारं इंजेक्शन अमेरिकेत २००३ साली दम्यासाठी मंजूर झालं आणि २०१४ साली जुनाट पित्तासाठी. माझ्यासारख्या ज्यांच्यात रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं असतात, त्यांच्यात ते उशिरा किंवा कमी काम करतं, हेही हळूहळू कळत गेलं. मला सुदैवाने वाढवलेल्या मात्रेतल्या लिव्होसेट्रिझिनवर निभावतंय. ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची, आपण नव्हे.

मी आता कुठल्याही डॉक्टरकडे जाते तेव्हा एकच कागद नेते. त्यावर माझी सगळी दुखणी, कधी सुरू झाली त्या वर्षांसकट, आणि खाली घरातल्यांची: काकांचं गवत, आत्याचा ल्युपस, मावशीचं कोड, भाचीचं इसब. गांधींचे मोबाइलवर काढलेले फोटोही, कारण त्या भेटीपर्यंत थांबत नाहीत. एका डॉक्टरांनी तो कागद न वाचताच बाजूला सरकवला आणि म्हणाले, ‘कातडीचं काय ते बोला.’ मी तो उचलून पुन्हा त्यांच्यासमोर ठेवला. वाचला त्यांनी.

भाची आता कॉलेजात आहे. तिचं इसब दुधाच्या वयापासूनचं, गुडघ्यांमागे आणि मनगटांवर. गेल्या वर्षी केस विंचरताना तिच्या आईला डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली, मग दुसरी, मग भुवई. चाई. म्हणजे केसांच्या मुळांवर शरीराचाच हल्ला. तिने दोन वर्षं ओढणी डोक्यावरून घेतली असती आणि दोन वेगळ्या रांगांत दोन आजारांसाठी उभी राहिली असती, पण तिच्या डॉक्टरांनी दोन्ही एकत्र पाहिली. जेक इनहिबिटर नावाच्या गोळ्यांचा एक वर्ग आहे. पेशीच्या बाहेरून आलेला दाहाचा निरोप आत पोचवणारी जी एन्झाइमं असतात त्यांना या गोळ्या अडवतात, आणि ते निरोप ॲलर्जीचे असोत की ऑटोइम्यून, वाट पुष्कळदा तीच असते. यातली बॅरिसिटिनिब आधी आमवातासाठी आली, मग युरोपात इसबासाठी, आणि २०२२ साली अमेरिकेत तीव्र चाईसाठी.

‘म्हणजे एकाच गोळीत दोन्ही?’ भाचीच्या आईने विचारलं.

‘होऊ शकतं,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण ही गोळी आवर घालते तशी जंतूंना रानही मोकळं करते. झोपलेला क्षय जागा होऊ शकतो, नागीण उठू शकते. रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास घरात आहे का, तेही बघायला हवं. आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची रक्ततपासणी. मग लसी. मग गोळी.’

एक्स-रे स्वच्छ आला आहे. रक्ताचा अहवाल शुक्रवारी मिळेल, आणि नागिणीची लस आधी घ्यायची की नाही हे त्यानंतर ठरेल.